मावशी, तुझी ओळ मी अर्धीच सोडली

सुभद्रामावशी,

लोक मला सांगतात, तू शांत गेलीस. तुझ्या शेजारणी सांगतात, नर्सरीतल्या बाया सांगतात, मालकही म्हणाले, "चला, जास्त हाल नाही झाले." मी मान हलवते. त्यांच्यातलं कोणीच तिथे नव्हतं. मीही नव्हते. अकरा दिवस मी नागपूरच्या त्या वॉर्डात तुझ्या खाटेजवळ होते. बाराव्या दिवशी व्हायचं ते झालं, तेव्हा मी सौंसरला नर्सरीत, तुझ्या ओळीत उकिडवी बसून संत्र्याच्या कलमांच्या पट्ट्या सोडत होते. तूच पाठवलं होतंस. गेले पंधरा दिवस हे वाक्य मी स्वतःला रोज सांगते आहे, आणि अजून एकदाही ते पुरलेलं नाही.

तुला लिहिते आहे खरं, पण तू हयात असतीस तरी हे वाचलं नसतंस. "तूच वाच, अन् लवकर आटप," म्हणाली असतीस आणि हातातला चाकू दगडावर घासत ऐकलं असतंस. मध्येच विचारलं असतंस, "मतलब काय झाला याचा?" मावशी, मतलब मलाही अजून सापडलेला नाही.

मी नर्सरीत लागले त्याला अकरा वर्षं झाली. शेतीची पदवी घेऊन आले होते. आमच्या घरात नोकरी करणारी मी पहिली मुलगी. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चौदा बाया हायेत. कोण किती काम करून राहिली, मले रोज संध्याकाळी कागदावर पाहिजे." मला आनंद झाला. कागदावरचं काम मला चांगलं येत होतं. मी रजिस्टर आखलं, चौदा नावं लिहिली, आणि कोण किती वाजता आली, किती वाजता उठली, दिवसाला किती कलमं बांधली, सगळ्याचे रकाने केले. मोबाइलवर वेळ लावून मी तुमच्या मागे उभी राहायचे. आज आठवलं की मान खाली जाते.

तुमचं काम लांबून साधं दिसायचं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या खोडाची साल चाकूने चिरायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक कोंबाचा डोळा अलगद उचलून त्या चिरेत बसवायचा आणि वर प्लास्टिकची पट्टी आवळायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की कळतं, डोळा हिरवा राहिला की वाळला. हिरवा राहिला तर त्याचं संत्र्याचं झाड होणार. वाळला तर रोप वाया आणि दिवसही वाया.

बाकीच्या बाया चारशे, साडेचारशे बांधायच्या. तुझ्या नावापुढे दोनशे दहा. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद. सकाळी सगळ्या बसल्या की तू अर्धा तास ओळीतून नुसती हिंडायचीस. एखाद्या खोडाला नखाने टोचून पाहायचीस, साल सुटते का ते बघायला. मग चाकू घासायचीस. उन्हं चढली की उठून कडुनिंबाखाली जाऊन बसायचीस आणि चार वाजल्याशिवाय हलायची नाहीस. मी रजिस्टरात लाल पेनाने लिहिलं होतं, 'बसून'. सलग सहा दिवस लिहिलं. सातव्या दिवशी मी झाडाखाली आले.

"मावशी, हा कामाचा टाइम आहे."

"हो ना वो. म्हणून तर बसली."

"बाकीच्या बाया उन्हात काम करून राहिल्या आणि तू सावलीत बसतेस, हे बरं दिसतं का?"

"दुपारी बांधलेला डोया उन्हानं भाजून जाते. बांधू काय भाजाले?"

"त्यांच्या गिनतीच्या निम्मी आहे तुझी गिनती."

तू माझ्या हातातल्या रजिस्टराकडे पाहिलंस. म्हणालीस, "गिनती आज कायले करतं, पोरी? एकवीस दिवसानं कर. जिंदा किती, थे मोज."

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "काम आज होतं, मावशी. पगारही आजच्या कामाचा मिळतो." चोवीस वर्षांची होते. बाकीच्या बाया ऐकत होत्या आणि मला जिंकायचं होतं. संध्याकाळी मी मालकांना कागद दाखवला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तुला कलमावरून काढून पिशव्यांत माती भरायला बसवलं. त्या भागात तुझ्यासारखा हात कोणाचा नाही, हे चौदाही बायांना ठाऊक होतं. त्यांच्यासमोर तू तीन आठवडे फावड्याने माती आणि शेणखत कालवत बसलीस. एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, चूक कळली असेल.

मग पट्ट्या सोडायचा दिवस आला. सगळ्यात जास्त बांधणाऱ्या बाईची ओळ मी स्वतः तपासली. पट्टी सोडावी आणि आत तपकिरी, चुरगळलेला डोळा निघावा. एक, दोन, दहा. तिची निम्म्याहून जास्त कलमं वाळलेली होती. पुढची ओळही तशीच. मग तुझी ओळ. मावशी, मी ती ओळ दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. वाळलेली कलमं मोजायला माझ्या दोन हातांची बोटं पुरली. बाकी सगळे डोळे हिरवेगार, नुकत्याच ओल्या केलेल्या मुगासारखे.

तेव्हा मी काय केलं, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. मी मालकांकडे गेले आणि म्हणाले, "यंदा डोळ्यांच्या काड्या खराब आल्या." आणि वर म्हणाले, "सुभद्राबाईला परत कलमावर घेऊ, माणसं कमी पडतात." माणसं कमी पडतात! तू दुसऱ्या दिवशी चाकू घेऊन ओळीत येऊन बसलीस. मी जवळून गेले तेव्हा मान वर न करता विचारलंस, "जिंदा किती?"

मी म्हणाले, "चांगली आहेत."

"हं," म्हणालीस आणि पुढच्या खोडाची साल चिरलीस. तुला सगळं ठाऊक होतं. तू मला माफी मागायची एक जागा करून दिली होतीस, आणि मी तिच्या बाजूने चालत निघून गेले.

पुढच्या हंगामात मी रजिस्टर बदललं, हे मात्र खरं. रोजच्या आकड्याचा रकाना काढून टाकला. प्रत्येकीच्या ओळीला तिच्या नावाची पत्र्याची पट्टी लावली आणि मोजणी एकवीस दिवसांनी ठेवली. सकाळी साडेसहाला काम सुरू, अकराला बंद, मग चार ते सहा. दुपारी बायांनी घरी जावं, जेवावं, झोपावं, काही करावं. मालक चिडले. "पाच तास बाया घरी झोपतीन, अन् आपण पाहत राहाव?" मी म्हणाले, "एक हंगाम द्या." तो हंगाम माझ्यासाठी परीक्षेसारखा गेला. एकवीस दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तू रोज सकाळी माझ्या तोंडाकडे पाहून हसायचीस. "तू अंड्यावर बसल्यावानी करून राहिली," म्हणायचीस.

कलमं जगली. इतकी जगली की मालक ओळीच्या टोकाशी उभे राहून नुसते पाहत राहिले. बायांची मुलं दुपारी घरी येऊन गरम जेवायला लागली, हे कोणत्याच रजिस्टरात आलं नाही, पण तू ते मला मुद्दाम सांगितलंस. "कमलाची पोरगी आता शाळेतून आली का मायच्या हातचं खाते," म्हणालीस. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तू दुपारी सावलीत बसून फक्त डोळ्यांचा विचार करत नव्हतीस.

आणि त्यानंतरची ती गोष्ट. पांढुर्ण्याला शेतकऱ्यांचा मेळावा होता. नर्सरीचं नाव झालं होतं, म्हणून मला बोलावलं. शाल, नारळ, हार. 'नव्या पद्धतीने मजुरांच्या वेळेचं नियोजन करणाऱ्या अर्चनाताई'. तू आणि चार बाया बसने आल्या होतात, मागच्या खुर्च्यांवर बसला होतात. माइक माझ्या हातात होता. मी जवळजवळ दहा मिनिटं बोलले. कामाचे तास मोजू नका, कामातून काय उभं राहिलं ते मोजा, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. तुझं नाव माझ्या तोंडात आलं होतं, मावशी, खरंच आलं होतं. पण ते घेतलं असतं तर माती भरायची गोष्टही सांगावी लागली असती. मी नाव गिळलं आणि नमस्कार करून बसले.

परतताना बसमध्ये तू माझ्या शेजारी होतीस. शालीचं टोक बोटांत धरून पाहिलंस. "लोकर चांगली हाय," म्हणालीस. "थंडीत कामी पडन." एवढंच. सौंसर येईपर्यंत तू खिडकीबाहेर कपाशीची वावरं पाहत होतीस, आणि मी तुझ्या मानेकडे.

असंच आणखी एकदा झालं. मला टायफॉइड झाला होता आणि तू बोरगावहून चालत-बसने आमच्या घरी आलीस. आईने तुला चहा दिला. आमच्या कपबश्यांत नाही, परसातल्या खिडकीत वेगळा ठेवलेला काचेचा पेला होता, त्यात. तू प्यायलीस, नळावर जाऊन पेला विसळलास आणि बरोबर त्याच खिडकीत परत ठेवलास. कोणी दाखवली नसताना. मी खाटेवरून पाहत होते. ताप होता, पण तोंड उघडता येऊ नये इतका नव्हता. बरी होऊन कामावर आले त्या दिवसापासून मी ऑफिसच्या खोलीत डबा खाणं सोडलं आणि तुझ्याजवळ कडुनिंबाखाली बसायला लागले. तुझ्या भाकरीतली अर्धी खायचे. मला वाटायचं, झाली भरपाई. आता वाटतं, तुझ्याशी बोलायचं होतं तिथे मी कायम दुसरंच काहीतरी करून ठेवत आले.

पण आपण भांडायचो मात्र मोकळेपणाने. सावरगावच्या नारायणरावांच्या बगीच्यातलं भांडण तर अजून मिटलेलं नाही.

त्यांनी आपल्याच नर्सरीची झाडं लावली होती. सहा वर्षं जीव लावला. फळ धरायच्या वेळेला झाडांच्या बुडाशी डिंक गळायला लागला, पानं पिवळी पडली. त्यांनी निरोप पाठवला. मालकांनी मला पाठवलं आणि मी तुला बरोबर घेतलं. तू एका झाडाशी बसलीस, बुडाची माती हाताने बाजूला केलीस आणि मला खुणेने बोलावलंस. कलमाचा जोड मातीत गाडला गेला होता.

"वीतभर वर बांधाव लागते डोया," म्हणालीस. "हे कोणं बसल्या जागी बांधलं, हाताले येईन तिथी. माती लागली, पाणी लागलं, डिंक आला."

नारायणराव आपल्यासमोर उभे होते. धट्टाकट्टा माणूस, पण झाडाच्या बुडाकडेच पाहत होता. "सहा वर्ष पाणी घातलं ना ताई," म्हणाले. "पोराच्या आधी झाडाइले पाणी देत होतो." मी त्यांना नवी झाडं द्यायचं कबूल केलं. सहा वर्षं मात्र कुठून देणार होते?

परतताना जाम नदीच्या पुलावर मी तुझ्यावर घसरले. "मग माझी एकवीस दिवसांची मोजणीही खोटीच ना? ही झाडं एकवीस दिवसांनी हिरवीच होती. मी जगलेल्यांत धरली असतील."

"धरली असशीन."

"मग कधी मोजू? सहा वर्षं थांबू?"

"थांबाले कोण सांगून राहिलं? हात लावतानाच ठाऊक रायते, हे झाड होईन का नाही."

"तुला ठाऊक राहतं. बाकीच्यांचं काय? चौदा बाया आहेत. मला मोजल्याशिवाय कसं कळणार?"

"तर मोज ना. मी कुठी नाही म्हणतो? पण मोजून झालं म्हणजे काम झालं, असं नको समजू."

"मग काम झालं असं कधी समजायचं?"

तू थांबलीस. पुलाच्या कठड्याला हात टेकलास. तुला धाप लागली होती, आणि मला वाटलं तू विचार करते आहेस. आता वाटतं, ती धाप आजाराचीच असेल का? मी त्या वेळी उत्तराची वाट पाहत राहिले. तू म्हणालीस, "चाल, बस निघून जाईन." पुढे दोन वर्षं मी तो प्रश्न अधूनमधून काढायचे आणि तू टाळायचीस. वीतभर उंचीचा नियम मात्र आपण त्याच आठवड्यात लावला. तू प्रत्येक बाईला बांबूची एक कामटी कापून दिलीस, वीतभर लांबीची.

यंदा दिवाळीनंतर तुझं जेवण तुटलं. अर्ध्या भाकरीची पाव झाली. मी विचारलं की म्हणायचीस, "पित्त झालं." हंगाम तोंडावर होता. मी म्हणायचे, "दाखवून ये." तू म्हणायचीस, "एवढ्या ओळी होऊन जाऊ दे." आणि मी, मावशी, मी ऐकलं. मला बरं वाटलं, हे खरं आहे. यंदा तीन नव्या मुली होत्या आणि तुझ्याशिवाय त्यांना शिकवणार कोण, ही चिंता होती. तू पोटावर हात दाबून ओळ संपवायचीस आणि मी पत्र्याच्या पट्टीवर तुझं नाव घालायचे. तुझी ओळ पूर्ण झाली त्या दिवशी तुला उलटीत रक्त आलं.

सौंसरच्या डॉक्टरांनी आठ-दहा दिवस औषधं दिली, मग नागपूरला पाठवलं. नागपूरच्यांनी पोटाचा कॅन्सर सांगितला, आणि उशीर झाल्याचं सांगितलं. रत्ना, तुझी लेक, भिंतीला टेकून खाली बसली. मी उभीच राहिले. कोणीतरी उभं राहायला पाहिजे होतं.

ते अकरा दिवस मी जेवढी धावले तेवढी आयुष्यात धावले नसेन. या खिडकीतून त्या खिडकीत फाइल, खालून वर रिपोर्ट, बाहेरून इंजेक्शन, रांग, सही, पुन्हा रांग. संध्याकाळी स्टुलावर बसले की पाय ठणकायचे आणि तू सकाळी होतीस त्याहून थोडी बारीक झालेली असायचीस. दिवसभराच्या धावपळीने कशातच काही फरक पडलेला नसायचा. मग मी वहीत लिहायला लागले. ताप किती, सलाइन किती, लघवी किती, किती घोट पाणी. मला तेवढंच येतं.

तू पाहत होतीस. एकदा विचारलंस, "काय लिहून राहिली?"

"तुझा ताप."

"लिहून उतरते काय?"

मी वही बंद केली. नवव्या दिवशी तू विचारलंस, "आज किती दिवस झाले माह्या ओळीले?"

"एकोणीस."

"परवा सोडाव लागन पट्ट्या. नव्या पोरी घाई करतीन, ब्लेडनं सालही कापून टाकतीन. तू जाय."

"मी कुठेही जाणार नाही."

"इथी बसून काय करून राहिली?"

"तुझ्याजवळ बसले आहे."

"त्यानं काय होऊन राहिलं?"

'तू बरी होशील' म्हणायला तोंड उघडलं, तर तू डोळे मिटून हात हलवलास. खोटं ऐकायचं नव्हतं तुला. मी म्हणाले, "काहीच नाही होत. तरी बसते." तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाणी रत्नाच्या हातून घ्यायचीस. अकराव्या दिवशी संध्याकाळी रत्ना मला बाहेर घेऊन आली. म्हणाली, "जाय ताई. तिच्या डोक्यात तेच हाय. काम करून संध्याकायपर्यंत वापस ये. तिले बरं वाटन."

मी खाटेजवळ येऊन म्हणाले, "मावशी, सकाळी जाते." तू डोळे उघडलेस. माझा हात हातात घेतलास. किती हलका हात, मावशी. चाकू धरून धरून अंगठ्यावर आलेला घट्टा तेवढा जड राहिला होता. म्हणालीस, "सावकाश सोडजो." हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

सकाळच्या पहिल्या बसने सौंसरला उतरले, तिथून नर्सरीत. नव्या मुलींना म्हटलं, या ओळीला हात लावू नका. मी एकटी बसले. गाठ शोधायची, उलटी फिरवायची, पट्टी अलगद काढायची. पहिला डोळा हिरवा. दुसरा हिरवा. तू पोटात ती आग घेऊन बांधलेले डोळे होते ते, आणि एकेक हिरवा निघत होता. खोटं कशाला सांगू, मावशी, मला आनंद होत होता. वाटत होतं, संध्याकाळी जाऊन सांगीन, एकही वाळला नाही म्हणून. मी मनात वाक्य जुळवत होते.

अकरा-सव्वाअकराला फोन वाजला. हातात अर्धी सुटलेली पट्टी होती. म्हटलं, एवढी सोडू आणि मग घेऊ. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मी पट्टी पूर्ण काढली, डोळा पाहिला आणि मग फोन घेतला.

रत्ना म्हणाली, "ताई, माय गेली." आणि थोड्या वेळाने, "सकायपासून तुलेच विचारून राहिली होती. अर्चना कुठी गेली, अर्चना कुठी गेली. मी सांगतलं, तूच तर पाठवलं. तिले आठवतच नव्हतं."

तिला आठवतच नव्हतं. हे तीन शब्द मी कुठे ठेवू, सांग. तुला खरंच आठवत नव्हतं? की मी ऐकून निघून जाईन हे तुला पटलंच नव्हतं? दोन दिवस तोंड फिरवून तू मला घालवत होतीस की मी दुसऱ्यांदा 'नाही जात' म्हणते का ते पाहत होतीस? अकरा वर्षं मी तुझ्याकडून शिकले की नुसतं बसून राहणं म्हणजे काम नव्हे, आणि नुसतं राबणं म्हणजेही काम नव्हे. मग एका मरणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ बसणं हे काय असतं? पुलावर तू जे सांगायचं टाळलंस ते हेच होतं का? तुलाही ठाऊक नसावं, असं मला आता वाटायला लागलं आहे, आणि तेच मला जास्त सहन होत नाही.

तुला बोरगावला आणलं. पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत मी मागे उभी होते. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा मला शब्द येत नव्हते, मी नुसते ओठ हलवले. नर्सरीतल्या तेराही बाया आल्या होत्या. त्यातल्या नव्या मुलींपैकी एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुमी गेल्यावर आमीच बाकीची ओळ सोडून टाकली. तुमाले मदत म्हणून." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती लहान आहे, तिचा हेतू चांगला होता. चौथ्या दिवशी जाऊन पाहिलं. ब्लेड लागून पुष्कळ खोडांची साल सोलली गेली होती. काही डोळे त्या सालीबरोबरच गेले. मी तुझ्याजवळही नव्हते आणि तुझी ओळही मला राखता आली नाही. दोन्हीकडचं गेलं, मावशी.

त्या दिवशी मालकांनी विचारलं, "सुभद्राबाईच्या ओळीतली किती निघाली?" मी मोजली नव्हती. पहिल्यांदाच मी म्हणाले, "माहीत नाही." आणि मग, काय झालं कोण जाणे, त्यांच्या टेबलासमोर उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. त्या वर्षी काड्या खराब नव्हत्या. मी खोटं बोलले होते. एकवीस दिवसांची मोजणी तुझी, दुपारची सुटी तुझी, वीतभराची कामटी तुझी. पांढुर्ण्याच्या स्टेजवर मी जे जे बोलले ते सगळं तुझं.

मालकांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "अकरा वर्ष झाले, अर्चना. बाई गेली. आता सांगून काय फायदा?"

मी म्हणाले, "फायदा नाही." आणि बाहेर आले. तुझ्या हयातीत सांगितलं असतं तर एका माणसाला त्याचा उपयोग झाला असता. आता ते नुसतं खरं आहे.

काल सकाळी मी कामावर गेले नाही. बोरगावला गेले. रत्ना तुझ्या घरी एकटीच होती, तुझ्या साड्या खाटेवर पसरून बसलेली. कोणती कोणाला द्यायची हे तिला ठरवता येत नव्हतं. मी म्हणाले, "मी वेगळ्या करून देऊ का? चांगल्या एकीकडे, विरलेल्या एकीकडे." आणि साड्यांना हात घातला.

ती म्हणाली, "नोको ताई. राहू दे तशाच. तू बस फक्त."

मी हात काढून घेतला. भिंतीला टेकून तिच्या शेजारी बसले. ती मध्येच एखाद्या साडीचा पदर हातात घ्यायची, पाहायची, ठेवून द्यायची. ऊन दारातून आत आलं, खाटेच्या पायांपर्यंत सरकलं आणि परत बाहेर गेलं. रस्त्यावरून सौंसरची बस हॉर्न वाजवत गेली. रत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही.